मानसशास्त्र पहिलं वर्ष: मज्जासंस्था शिकताना 'हे कसं कळलं?' हेही विचारा

मानस_बेळगाव
बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेली बरीच मुलंमुली इथं आहेत. खानापूर-निपाणीकडची आहेत, चंदगडहून रोज एसटीनं बेळगावला येणारीही आहेत. त्यांच्यासाठी हा धागा काढतेय. संशोधन पद्धती आणि मज्जासंस्था ही दोन प्रकरणं सगळ्यांना जड जातात. मुलं एकाच्या व्याख्या पाठ करतात, दुसऱ्याच्या आकृत्या गिरवतात आणि पेपर झाला की दोन्ही विसरतात. ही दोन प्रकरणं वेगळी शिकवूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. मेंदूबद्दल पुस्तकात एखादं वाक्य छापलंय, कारण कुणीतरी कधीतरी काहीतरी करून पाहिलं. काय करून पाहिलं ते समजलं की वाक्य आपोआप लक्षात राहतं.

आधी नकाशा, भरभर. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था. त्याबाहेर अंगभर पसरलेले मज्जातंतू म्हणजे परिघीय मज्जासंस्था. तिचे दोन भाग. कायिक भाग कातडी, डोळे, कान यांची खबर आत नेतो आणि हातपाय आपल्या मर्जीनं हलवतो. स्वायत्त भाग हृदय, आतडी, घाम, लाळ यांचा कारभार आपल्याला न विचारता चालवतो. स्वायत्त भागाच्या पुन्हा दोन शाखा: अनुकंपी शाखा अंगाला धावपळीसाठी तयार करते, परानुकंपी शाखा निवांतपणी पचन वगैरे सांभाळते. पेपर हातात पडण्याआधी तोंड कोरडं पडतं, तळहात घामेजतात, छाती धडधडते, तेव्हा अनुकंपीचा जोर वाढलेला असतो.

मज्जापेशी वृक्षिकांवाटे, म्हणजे फांद्यांसारख्या धाग्यांवाटे, संदेश घेते आणि अक्षतंतूवाटे, म्हणजे एका लांब धाग्यावाटे, पुढे पाठवते. पण एका पेशीचं टोक दुसरीला चिकटलेलं नसतं, मध्ये अतिसूक्ष्म फट असते. ही फट संदेश कसा ओलांडतो? वीज उडी मारते की एखादं रसायन पलीकडे जातं? यावर बरीच वर्षं वाद होता.

१९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी यांनी बेडकांची दोन हृदयं घेतली. क्षारांच्या द्रावणात बेडकाचं हृदय शरीराबाहेरही धडधडत राहतं. पहिल्या हृदयाला व्हेगस नावाचा मज्जातंतू जोडलेला होता, दुसऱ्याचा काढून टाकला होता. पहिल्याच्या व्हेगसला विजेचे हलके झटके दिल्यावर त्याचे ठोके मंदावले. मग त्यातलं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयात घातलं, तर त्याचेही ठोके मंदावले! त्याला तर मज्जातंतूच नव्हता. म्हणजे जे काही पोचलं ते द्रावणातून पोचलं. पुढे हे रसायन ॲसिटिलकोलिन असल्याचं ठरलं आणि १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना विभागून मिळालं.

आता यात स्वतंत्र चल कुठला, परतंत्र चल कुठला, ते कुणीतरी खाली लिहा.

खानापूरचा_पोरगा
मॅडम, आपण बदलतो ते स्वतंत्र चल, म्हणजे दुसऱ्या हृदयात कुठलं द्रावण घातलं ते. मोजतो ते परतंत्र चल, म्हणजे ठोके. खरं एक शंका हाय. नुसतं नवीन द्रावण ओतल्यानंच ठोके कमी झाले नसतील कशावरून?

मानस_बेळगाव
शाबास. हीच शंका म्हणजे नियंत्रित स्थितीची गरज. लोवींनी व्हेगसला झटके न देता तसंच ठेवलेल्या हृदयातलं द्रावणही घालून पाहिलं. त्यानं ठोके मंदावले नाहीत. वेग वाढवणारा मज्जातंतू उत्तेजित करून घेतलेल्या द्रावणानं तर दुसऱ्या हृदयाचे ठोके वाढले. बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि फरक पडतो का पाहायचं. प्रयोगाची व्याख्या लिहायची वेळ येईल तेव्हा ही दोन हृदयं डोळ्यांसमोर आणा.

निपाणीकर
मॅडम, एक विचारतो. आमच्याकडं तंबाखूच्या रानात ओला पाला हाताळला की बायकांना गरगरतं, उलट्या होतात, दरदरून घाम येतो. 'तंबाखू लागली' म्हणतात. माझी आई गूळ-पाणी पिऊन पुन्हा कामाला लागायची. याचा मज्जासंस्थेशी संबंध हाय का?

मानस_बेळगाव
थेट संबंध आहे, आणि तुमच्या प्रश्नातून या विषयातला एक मोठा शोध निघतो.

तंबाखूतलं निकोटिन ओल्या पानावरच्या दवात, पावसाच्या पाण्यात उतरतं आणि कातडीतून अंगात जातं. आत ते ॲसिटिलकोलिनची जागा घेतं. पेशीच्या पृष्ठभागावर ॲसिटिलकोलिन ओळखणारे ग्राहक रेणू असतात. त्यातले काही निकोटिनलाही तोच प्रतिसाद देतात, म्हणून त्यांचं नावच निकोटिनिक ग्राहक पडलंय. स्वायत्त मज्जासंस्थेच्या गाठींमध्ये, म्हणजे मज्जापेशींच्या पुंजक्यांमध्ये, हे ग्राहक भरपूर असतात. त्यामुळे मळमळ, घाम, गरगरणं असं एकदम सुरू होतं.

आता शोध ऐका. केंब्रिजमध्ये जॉन लँगली यांनी १८८९ साली डिकिन्सन या सहकाऱ्याबरोबर प्राण्यांच्या या गाठींवर कुंचल्यानं निकोटिन लावलं. निकोटिनचा जादा डोस आधी गाठ उत्तेजित करतो आणि मग ती बंद पाडतो. गाठ बंद पडल्यावर अलीकडचा तंतू उत्तेजित करून काहीच होत नसेल, पण पलीकडचा उत्तेजित केल्यावर होत असेल, तर त्या तंतूचा सांधा याच गाठीत आहे. अलीकडून झटका दिल्यावरही परिणाम दिसत असेल, तर तो तंतू इथं न थांबता नुसता पुढे जातो. असं एकेक गाठ तपासत त्यांनी सगळ्या स्वायत्त मज्जासंस्थेचा नकाशा काढला. हे नावही त्यांनीच १८९८ मध्ये दिलं. पेशीवर औषध ओळखणारा काहीतरी पदार्थ असला पाहिजे, ही कल्पनाही १९०५ मध्ये त्यांनीच मांडली.

तुमच्या आईसारख्या बायकांसाठी कामाची गोष्ट: पाला ओला असताना हाताळू नये, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, भिजलेले कपडे लगेच बदलून अंग साबणानं धुवावं. उलट्या थांबत नसतील, श्वासाला त्रास होत असेल तर थेट दवाखाना.

वडगावचा_मागवाला
मी काय कॉलेजचा न्हाई, खरं वाचतोय. यंत्रमागावर बरीच वर्षं बसलोय. तार तुटली की नजर जायच्या आधी हात जातोय. गाठ कशी मारतोस म्हणून पोरगं विचारतंय तर सांगता येत न्हाई, करूनच दाखवावं लागतंय. हे मेंदूत कुठं असतंय ओ?

मानस_बेळगाव
दादा, हा प्रश्न कॉलेजच्या पोरांनी विचारायला हवा होता.

अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा तरुण होता. त्याला अपस्माराचे फार जोराचे झटके यायचे. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा आतला भाग आणि त्याच्या आसपासचा भाग काढला. झटके कमी झाले, पण त्या दिवसापासून नवी आठवण टिकेना. समोरची व्यक्ती खोलीबाहेर जाऊन परत आली की तो पुन्हा ओळख करून घ्यायचा. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं: आपला हात फक्त आरशात बघत दुहेरी रेघांच्या चांदणीमधून पेन्सिल फिरवायची. आरशात दिशा उलट्या दिसतात, त्यामुळे पहिल्यांदा कुणाचीही रेघ भरकटते. तीन दिवसांच्या सरावात मोलेसनची चांदणी स्वच्छ येऊ लागली. पण हे आपण आधी केलंय, हे मात्र त्याला दरवेळी ठाऊक नसायचं!

म्हणजे काल काय घडलं ही आठवण वेगळी आणि हाताला बसलेलं काम वेगळं. हाताच्या कामात लहान मेंदू आणि मेंदूच्या खोलवरचे बेसल गँग्लिया यांचा मोठा वाटा असतो. तुमच्या हातातली गाठ त्या वाटेनं येते, आणि ती वाट शब्दांतून जात नाही, म्हणून पोराला सांगता येत नाही. करून दाखवणं हीच ती शिकवायची बरोबर रीत आहे.

विद्यार्थ्यांनो, ही झाली व्यक्ती-अभ्यास पद्धत. एकाच माणसाचा खोल अभ्यास. मोलेसन २००८ मध्ये वारला, तोपर्यंत पन्नासहून जास्त वर्षं हे काम चाललं.

टिळकवाडी_१९
मॅडम, आदरानं विचारतो. एका माणसावरून सगळ्या माणसांबद्दल कसं बोलणार? फिनियस गेजचंही उदाहरण प्रत्येक पुस्तकात असतं, लोखंडी कांब डोक्यातून गेली आणि स्वभाव पालटला. याला विज्ञान म्हणायचं का?

मानस_बेळगाव
प्रश्न रास्त आहे. गेज १३ सप्टेंबर १८४८ ला अमेरिकेतल्या व्हर्मोंटमध्ये रेल्वेमार्गासाठी खडक फोडत होता. दारू उडाली आणि एक मीटरहून लांब, सहा किलोची कांब गालाच्या हाडाखालून शिरून डोक्याच्या माथ्यावरून बाहेर गेली. तो वाचला. 'स्वभाव पालटला' हे त्याच्या डॉक्टरांनी लिहिलंय. पण तोच गेज पुढे चिलीत जाऊन बरीच वर्षं घोडागाडी हाकत होता, म्हणजे गाडीचं वेळापत्रक, जनावरं, प्रवासी सगळं सांभाळत होता. हा भाग बहुतेक पुस्तकं गाळतात. एका व्यक्तीची कथा सांगता सांगता ठाशीव होत जाते, हा या पद्धतीचा खरा धोका.

मग उपयोग काय? व्यक्ती-अभ्यास प्रश्न उभा करतो, उत्तर पक्कं करायला दुसऱ्या पद्धती लागतात. मोलेसननंतर तेच निष्कर्ष इतर रुग्णांत आणि माकडांवरच्या प्रयोगांत तपासले गेले, म्हणून ते टिकले.

आणि तुमची शंका मानसशास्त्रानं स्वतःलाही विचारली आहे. २०१५ मध्ये २००हून जास्त संशोधकांनी मिळून आधी छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत ठळक निष्कर्ष होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच मिळाला. हे आकडे मानसशास्त्रज्ञांनीच जगापुढे ठेवले. तेव्हापासून प्रयोगाआधीच योजना नोंदवणं, जास्त माणसं घेणं, कच्चा डेटा खुला ठेवणं हे वाढलंय. विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइपझिगला १८७९ मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. आपल्या राज्यात म्हैसूर विद्यापीठात एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९२४ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू केला. विषय वयानं लहान आहे, पण आपल्या चुका मोजण्याइतका प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच मला तो शिकवावासा वाटतो.

शहापूरची_आई
मॅडम, मी विद्यार्थिनी नाही, खरं विचारल्याशिवाय राहवत नाही. घरी मराठी, खेळायला गेला की कन्नड, शाळेत इंग्रजी, शेजारी उर्दू. मुलगा चार वर्षांचा आहे, एकाच वाक्यात तीन भाषा आणतो. एका शिक्षिकेनं सांगितलं की मेंदूवर ताण येतो, घरी एकच भाषा बोला. सासूबाईंना मराठीशिवाय येत नाही. नातवाशी बोलायचं बंद करू म्हणून सांगू का त्यांना?

मानस_बेळगाव
मुळीच सांगू नका. आजीला बोलू द्या, भरपूर बोलू द्या.

दोन-तीन भाषांत वाढल्यानं मुलाला भाषेचा दोष जडतो, याला पुरावा नाही. अशा मुलाचे एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला कमी भरू शकतात, पण सगळ्या भाषांतले मिळून मोजले तर ते इतर मुलांच्या बरोबरीला येतात. एका वाक्यात भाषा मिसळणं हे गोंधळाचं लक्षण नाही. बेळगावच्या बाजारात मोठी माणसंही दिवसभर तेच करतात. मूल कुठल्याच भाषेत बोलत नसेल, हाक मारली तरी वळून बघत नसेल, तर मात्र कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्याचं कारण भाषांची संख्या नसतं.

या विषयावर एक भारतीय अभ्यास मुद्दाम सांगते, कारण विद्यार्थ्यांना सहसंबंध शिकायला तो उत्तम आहे. डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यातले ३९१ एकाहून जास्त भाषा बोलणारे होते. २०१३ साली छापलेला निष्कर्ष असा: एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा या रुग्णांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली. निरक्षर रुग्णांतही फरक दिसला, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम नव्हता.

ऐकून छान वाटतं ना? आता थांबा आणि विचारा, हा प्रयोग होता का? नव्हता. कुणाला किती भाषा याव्यात हे संशोधकांनी ठरवलं नव्हतं. व्यवसाय, शहरात राहणं, लोकांत मिसळणं अशा गोष्टी भाषांबरोबर येतात, आणि खरा परिणाम त्यांचाही असू शकतो. संशोधकांनी यातल्या बऱ्याच गोष्टी हिशेबात घेतल्या. परदेशांतल्या अशा काही अभ्यासांत बहुभाषक लोक बाहेरून स्थलांतरित झालेले होते आणि त्यामुळे तुलना गढूळ होत होती. हैदराबादेत ती अडचण नव्हती. तरीही हा सहसंबंधच. दोन गोष्टी बरोबर चालतात एवढं त्यातून कळतं. एकीमुळे दुसरी घडते असं म्हणायला आणखी वेगळे पुरावे लागतात. बहुभाषक मुलं लक्ष एकाग्र करण्यात सरस असतात, हा दावा तर अनेक ठिकाणी पुन्हा तपासल्यावर टिकला नाही. म्हणून मुलगा हुशार व्हावा म्हणून भाषा लादू नका, आणि बिघडेल म्हणून तोडूही नका.

सिस्टर_खानापूर
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. कारण-परिणाम खात्रीनं कसं सांगायचं याचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देऊ? बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा अभ्यास इथंच, बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला. आमच्या ज्येष्ठ सिस्टर अजून त्याबद्दल बोलतात. गोळ्या दिसायला सारख्या, खरी कुठली आणि खोटी कुठली हे देणाऱ्या सिस्टरलाही माहीत नव्हतं.

मानस_बेळगाव
सिस्टर, फार मोलाचं बोललात. विषय वैद्यकाचा असला तरी पद्धत तीच आहे.

जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या पुढाकारानं २००२ ते २००५ या काळात १६२० बाळंतिणींवर हा अभ्यास झाला. ८१२ जणींना मिसोप्रोस्टॉल, ८०८ जणींना औषध नसलेली तशीच गोळी. कुणाला कुठली हे दैवावर, म्हणजे यादृच्छिक पद्धतीनं ठरलं. त्यामुळे वय, अशक्तपणा, घरची परिस्थिती, आधीची बाळंतपणं असे सगळे फरक दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले गेले. संशोधकाला माहीत नसलेले फरकसुद्धा. हैदराबादच्या अभ्यासात नेमकं हेच शक्य नव्हतं. देणारीला आणि घेणारीला दोघींना माहीत नाही, म्हणून अपेक्षेचा परिणाम मापनात शिरला नाही. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. खेड्यात घरी किंवा उपकेंद्रात, नर्सच्या हातानं, साध्या गोळीनं बायकांचा जीव वाचू शकतो, हे आपल्या मातीतून जगाला कळलं. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

खानापूरचा_पोरगा
मॅडम, आम्हाला प्रात्यक्षिक करायचंय आणि उपकरणं काहीच नाहीत. मज्जासंस्थेवर काय करता येईल?

मानस_बेळगाव
मज्जातंतूतून संदेश किती वेगानं जातो ते मोजा. एक मोबाइल आणि टेप बस्स झाली.

हा वेग मोजताच येणार नाही असं जुने शास्त्रज्ञ मानायचे. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५० साली बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याचा मज्जातंतू घेतला. तंतूला एकदा स्नायूजवळ झटका दिला, एकदा लांबून. लांबून दिल्यावर स्नायू किंचित उशिरा हलला. अंतरातला फरक भागिले वेळेतला फरक, म्हणजे वेग. तो आला सेकंदाला सुमारे २७ मीटर. ही वजाबाकीची युक्ती नीट समजून घ्या. स्नायू हलायला लागणारा वेळ दोन्ही वेळा सारखाच, म्हणून तो वजाबाकीत निघून जातो आणि हातात फक्त तंतूतला प्रवास उरतो.

तुम्ही असं करा. २५ जणांनी गोल बसायचं, डोळे मिटायचे. प्रत्येकानं पुढच्याचा घोटा धरायचा. पहिला दाबतो आणि मोबाइलवर वेळ सुरू. आपला घोटा दाबला गेला की पुढच्याचा दाबायचा. फेरी पूर्ण झाली की वेळ बंद. मग हेच खांदा धरून. खांद्यापेक्षा घोट्याकडून मेंदूपर्यंतचं अंतर जास्त आहे, ते जास्तीचं अंतर टेपनं मोजा. समजा ते १ मीटर भरलं, घोट्याची फेरी ७ सेकंदांत आणि खांद्याची साडेसहा सेकंदांत झाली. फरक अर्धा सेकंद, माणशी ०.०२ सेकंद. १ मीटर भागिले ०.०२, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं आवरण असलेले सर्वात जलद तंतू सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातात, तर मंद वेदना आणणारे आवरणहीन तंतू १ मीटरच्या आसपास. ठेच लागल्यावर आधी चर्रकन आणि मग ठणका, ते याचमुळे.

निपाणीकर
आधी घोटा आणि मग खांदा केला तर सरावानं दुसरी फेरी आपोआप जलद होईल की.

मानस_बेळगाव
बरोबर ओळखलंत! म्हणून दोन गट करा. एका गटानं आधी घोटा, दुसऱ्यानं आधी खांदा. त्याआधी वेळ स्थिरावेपर्यंत नुसता सराव करा, तो मोजू नका. मोजायच्या फेऱ्या बऱ्याच करा आणि सरासरी काढा. मनासारखी न आलेली फेरी गाळायची नाही, ती का वेगळी आली ते वहीत लिहायचं.

खानापूरचा_पोरगा
बी.कॉम.ची पोरं पण येतो म्हणतायत. त्यांना काय सांगायचं? आणि संमती लिहून घ्यायची का?

मानस_बेळगाव
हो, लिहूनच घ्या, खेळासारखं दिसत असलं तरी. कागदावर मराठी आणि कन्नड दोन्हींत चार ओळी हव्यात: काय करायचंय, किती वेळ लागेल, मधेच सोडून जायची मुभा आहे, नाव कुठंही छापणार नाही. अंगाला हात लावायचा आहे, म्हणून मुलींचा आणि मुलांचा गोल वेगळा ठेवा, आणि कुणाला नको असेल तर कारण विचारू नका, त्यांना वेळ नोंदवायला बसवा. कुणी अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांची सहीही लागेल. वेग किती यायला हवा हे आधी कुणाला सांगू नका. आकडे आले की कच्च्या नोंदींसकट इथंच टाका, आपण सगळे मिळून बघू.